आंब्याखालचा पूल

"सगळ्या पोरांना पुलावर घेऊन ये. पाहुण्यांना फोटो हवाय," तालुक्याचे साहेब काठावरून म्हणाले.

म्हातारा तुळशीराम खांद्यावर एक पोर घेऊन मांडीभर पाण्यात उभा होता. पावसाळाभर पाड्यावरची अकरा पोरं तो अशीच ओढ्यापलीकडे शाळेला पोचवायचा. यंदा गुडघे फारच कुरकुरत होते, म्हणून पुलाची वाट सर्वांत जास्त त्यानंच पाहिली होती.

पूल झालाही, पण अर्धा कोस खाली. उन्हाळ्यात पुलाला पैसे देणारे परदेशी पाहुणे जागा ठरवायला आले, तेव्हा त्यांना उन्हातून इथवर चालवायला नको म्हणून सरपंचानं तिथल्याच आंब्याखाली चहा पाजला. चहा पिता पिता पाहुण्यांनी तीच जागा पसंत केली.

"त्या पुलापलीकडं करवंदाची जाळी हाय, सायेब. वाटच न्हाई."

"ते पाहुण्यांना कशाला सांगायचं? सात समुद्र ओलांडून आलेत बिचारे."

तुळशीरामानं पोराला पलीकडच्या काठावर उतरवलं, दप्तर हाती दिलं आणि मागे वळला.

"मग ओढाबी ओलांडू द्या की. आणा त्यांना हिकडं. पोरं पोचवून झाली, की एकेकाला खांद्यावर घेतो."