शीळ थांबली की

वाईनची द्राक्षं पिकवणाऱ्या त्या गावात मामांचा एकच कायदा होता: तोडणी करताना पोरांनी शीळ घालत राहायचं, कारण शीळ घालणाऱ्या तोंडात द्राक्ष जात नाही. शीळ थांबली रे थांबली, की मामा बांधावरून गरजायचे, "कोण चरतंय रे तिकडे?" आणि तोंड भरलेला दादा बेधडक बहिणीकडे बोट दाखवायचा. "मी नाही, धाकटी!"

आता पन्नाशी गाठलेली धाकटी कितीतरी वर्षांनी गावी आली होती आणि हौसेनं कात्री घेऊन मामीशेजारी वेलींच्या ओळीत उभी होती. मामा गेले होते. दादा तर दुधाचे दात पडायच्या वयातच गेला होता. बोटांना चिकटणारा रस मात्र तोच होता.

पलीकडच्या ओळीतून शीळ आली. पडलेल्या दाताच्या फटीतून हवा निसटणारी, शेवटचा सूर हमखास चुकवणारी.

"कुणाचं पोर गं, मामी? डिट्टो दादा!"

"घालू दे त्याला," मामी मान वर न करता म्हणाली. "दर तोडणीला येतो."

धाकटीनं पानं बाजूला सारली. पलीकडे कुणीच नव्हतं. शीळ मात्र तिथूनच, हातभर अंतरावरून येत होती.

मग शीळ थांबली.

"कोण चरतंय रे तिकडे?" मामी सवयीनं ओरडली.

पानांआडून, हसू दाबत, उत्तर आलं, "मी नाही, धाकटी!"

"दादा..." धाकटी म्हणायला गेली. हातातला घड अजून अख्खा होता, पण तिच्या दातांखाली एक द्राक्ष फुटलं.