ओळखीचा वास

उत्कर्षची बदली पुण्याला झाली, तेव्हा घरातल्या दोन सशांना प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावण्याचे काम त्याच्या वडिलांनी, गुरुप्रसादरावांनी, आपणहून घेतले.

"आत कधीही कोंबायचे नाही," त्यांनी मुलाला समजावले. "पिंजरा आधी नुसता उघडा ठेवायचा. आत कोथिंबीर ठेवायची; खाऊन बाहेर आले, तर येऊ द्यायचे. मग त्यांच्या अंगाखालचे जुने फडके आत अंथरायचे. ओळखीच्या वासाने ते निवांत बसतात. दार लावायचे ते सर्वांत शेवटी."

निघायच्या आठवड्यात ससे खरोखरच स्वतःहून आत जाऊन बसले.

"मान गए, बाबा! तुमची तरकीब एकदम पक्की आहे."

त्या रविवारीही उत्कर्ष वडिलांना फूलबागेपलीकडच्या वृद्धाश्रमात, तिथे राहणाऱ्या त्यांच्या मित्राला भेटायला घेऊन गेला. गेले काही रविवार ते तिथेच जेवत. तिथली बासुंदी त्यांना आवडू लागली होती. जेवणानंतर "बाबा, जरा आडवे व्हा," असे म्हणून उत्कर्षने एका रिकाम्या खोलीचे दार उघडले.



पलंगावर गुरुप्रसादरावांची घरची जुनी गोधडी अंथरलेली होती.