मारेकऱ्याचे डोळे

शुक्रवारी आईचं ऑपरेशन होतं, म्हणून तोकिए हानेदा दोन दिवसांची रजा मागायला दिग्दर्शक मुरोईंच्या टेबलापाशी आली. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एकाची अ‍ॅनिमे मालिका त्यांचा स्टुडिओ करत होता आणि मुरोई त्या मालिकेचंच परीक्षण वाचत होते.

"बस, हानेदा. तुझ्याबद्दल लिहिलंय," ते म्हणाले. "मालिकेचं बळ म्हणजे मारेकऱ्याचे डोळे. आतून विझलेला माणूस इतका खरा आजवर कुणी काढला नव्हता."

तोकिए लाजली. "आरशात बघून काढते, मुरोईसान. आपण सगळेच तसं काढतो."

"सगळेच काढतात गं. पण असे डोळे आणायचे कुठून?"

आजूबाजूचे चित्रकार मान वर न करता हसले.

"उणीवही सांगितलीय," मुरोई पुढे वाचू लागले. "सातव्या भागात मारेकरी अगदी ताजातवाना दिसतो, पोटभर झोपून उठल्यासारखा. तिथे मालिका कोसळते." त्यांनी वर पाहिलं. "सातवा भाग कधी काढलास तू?"

"सेंदाईहून आल्या आल्या. आईकडे चार दिवस होते ना, नुसती झोपा काढत होते." तिने रजेचा अर्ज पुढे केला. "मुरोईसान, या शुक्रवारचं..."

मुरोईंनी चष्मा काढला आणि वडीलकीच्या मायेने तिच्याकडे पाहिलं.

"मनाला लावून घेऊ नकोस. चूक तुझी नव्हतीच. रजा मी दिली होती."