त्रेपन्न

“मी पाचच दाबलं,” सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाल्या. आवाज चढला नाही, कापला नाही. हात तेवढे मांडीवर घट्ट धरलेले होते.

मोठ्या डॉक्टरांनी समोरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. औषधाच्या पंपाने स्वतः केलेली नोंद होती ती. सकाळी अकरा दहा, खाट आठ, ताशी त्रेपन्न मिलिलिटर. द्यायचं होतं ताशी पाच. ऑपरेशन होऊन पडलेल्या त्या बाईचा श्वास मंदावलाय हे सिस्टरांच्याच लक्षात आलं, त्यांनीच नळी ओढून काढली, म्हणून ती निदान जिवंत होती. आता ती वरच्या मजल्यावर कृत्रिम श्वासावर होती, आणि तिचा नवरा या खोलीच्या दाराबाहेर उभा होता.

डॉक्टरांचं म्हणणं, बोट घसरून पाचामागोमाग तीनही दाबला गेला असेल. सिस्टर म्हणाल्या, तीन काही पाचाच्या रांगेत नाही, आणि पडद्यावर आकडा वाचल्याशिवाय आपण पुढचं बटण दाबत नाही. सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षांत एखादी चूक कुणाच्याही हातून होते, असं म्हणत डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. चौकशी होईपर्यंत घरी बसण्याचं पत्र तयारच होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पंपाच्या कंपनीची दोन माणसं बसली होती, साहेब आणि प्रोग्रामर. पंपाकडे त्रेपन्नच आलं होतं, हे प्रोग्रामरने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. ते खरंही होतं. पण तो आकडा त्याला स्वस्थ बसू देईना. बाकीच्यांना त्यात पाच आणि तीन दिसत होते. त्याला वाटत होतं, आपण हा अखंड त्रेपन्न कुठेतरी पाहिलाय. मग आठवलं.

बटण दाबलं की संगणकाकडे आधी आकडा जातच नाही, बटणावरच्या अक्षराचा ठरलेला क्रमांक जातो. शून्याचा अठ्ठेचाळीस, एकाचा एकोणपन्नास. पाचाचा त्रेपन्न. त्यातून अठ्ठेचाळीस वजा केले की खरा पाच हाती येतो. प्रोग्रामिंगची सी भाषा शिकायला लागलेल्या पोरांना पहिल्या महिन्यात सांगतात हे.

त्याने लॅपटॉपवर प्रोग्राम उघडला. दोन आकडी संख्येचा जुना रस्ता ठीक होता. एकच आकडा आला तर काम झटपट व्हावं म्हणून मागच्या आठवड्यात त्याने एक ओळ नवी घातली होती. आलेलं अक्षर उचलायचं आणि तेच दर म्हणून वापरायचं. वजाबाकी लिहायची राहून गेली होती. घाईत होता, घरी लेकीचा वाढदिवस होता. नवा प्रोग्राम आज सकाळी दहाला सगळ्या पंपांवर बसवला, आणि एक आकडी डोस दाबणाऱ्या पहिल्या या सिस्टर.

त्याने ती ओळ साहेबांना दाखवली. साहेबांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि लॅपटॉपचं झाकण अगदी हळू मिटलं. मग खालच्या आवाजात सांगितलं, की आत्ता गप्प बसायचं, संध्याकाळी येऊन दुरुस्त करून टाकू, कंपनीवर तीस घरं चालतात. ते धमकावत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“किती वाजता असतो पुढचा डोस?” प्रोग्रामरने विचारलं. विचारलं साहेबांना, पण आवाज मोठा निघाला.

“दोनला,” सिस्टर म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. चार वॉर्ड, एकसष्ट पंप. तो उठला. टेबलावर आठ नंबरचा पंप पुरावा म्हणून ठेवला होता, तो त्याने लॅपटॉप पुन्हा उघडून त्याला जोडला आणि चार दाबला. पंपाच्या पडद्यावर चार उमटला. लॅपटॉपवर पंपाला गेलेला हुकूम होता, बावन्न.

“सिस्टरांनी पाचच दाबलं होतं,” तो म्हणाला. “चूक माझी आहे. सगळे पंप बंद करा.”

डॉक्टरांनी फोन ओढला, आणि सिस्टर दारातून पळत गेल्या. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. साहेब लॅपटॉप पिशवीत घालून निघून गेले.

तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिला. वॉर्डांमधून पंपांची टूंटूं एकेक करून थांबत होती. जिकडेतिकडे नर्स सलाईनच्या बाटल्या वर टांगत होत्या, थेंब मोजायला घड्याळं बघत होत्या. हात कमी पडत होते. सिस्टर तिथून झपाझप चालल्या होत्या, त्याला बघून थांबल्या.

“घड्याळ आहे? या इकडे.”

त्यांनी त्याला एका म्हाताऱ्याच्या खाटेपाशी स्टुलावर बसवलं. मिनिटाला वीस थेंब, कमीजास्त झाले तर हाक मारायची, नळीवरच्या चाकीला हात लावायचा नाही. जाताजाता म्हणाल्या, आठ नंबरची बाई स्वतः श्वास घ्यायला लागली आहे. तो मान वर करणार होता, पण तेराव्या थेंबावर होता.

म्हातारा त्याच्याकडे बघत होता.

“मशीन बिघडलं का?”

“हो.”

“मग आता?”

“मी मोजतोय, आजोबा.”

म्हाताऱ्याने सलाईन लावलेला हात थोडा त्याच्याकडे सरकवला आणि डोळे मिटून घेतले.

“मोज,” तो म्हणाला. “मी झोपतो.”