अंबरनाथच्या वर्तुळाची तपासणी

"आजपासून अंबरनाथमध्ये विज्ञानाचं राज्य सुरू झालं आहे!" दिनानाथ ओव्हरसियरने हात उंचावून जाहीर केलं.

"बरं झालं," भाजीवाली गोजरबाई म्हणाली. "मग देवावर बारदान टाकू का टोपली?"

दिनानाथचा हात खाली आला. साहेबांसमोर करायच्या भाषणाचं ते पहिलंच वाक्य होतं. बांधकाम खात्याचे बडे साहेब, विष्णुपंत, मुंबईहून दहा वाजता चौक तपासायला येणार होते. पावणेदहा झाले होते.

"बारदान," तो म्हणाला. "आणि वर चुन्याची बादली ठेव. रंगकाम चाललंय असं वाटू दे."

"देवाच्या डोक्यावर बादली?"

"तासाभराचा प्रश्न आहे, बाई. देव काही दौऱ्यावर निघालेला नाही."

हा चौक बैलगाड्यांच्या जमान्यातला. तेव्हा दोन गाड्या समोरासमोर आल्या की गाडीवान खाली उतरून तंबाखू मळत, आणि ती मळून होईपर्यंत कोणी आधी जायचं ते बैलच ठरवत. पुढे कारखाने आले. भोंगा झाला की शे-दोनशे सायकली, उल्हासनगर कॅम्पातले टांगे आणि मालाच्या लॉऱ्या चारी बाजूंनी एकदम चौकात घुसू लागल्या. १९५४ साली दहा अपघात झाले.

दिनानाथने वर्षभर खात्याच्या मागे लागून चौकाच्या मधोमध गोल ओटा बांधून घेतला. लांबून दिसावा म्हणून त्यावर एक उभा दगड बसवला आणि शेजारी पाटी लावली, 'वर्तुळाला डावीकडून वळसा घालावा.' पाटी सगळ्यांनी वाचली. मग ज्याला जी बाजू जवळ पडली तिकडून तो गेला. हवालदार महिपतीचे गाल शिट्टी फुंकून फुंकून दुखायला लागले.

अकरावा अपघात गोजरबाईच्या नातीचा झाला. वेणू शाळेत निघाली होती. हात मोडण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई भाजीची टोपली बाजूला ठेवून ओट्यावर चढली. दगडाला शेंदूर फासला, दोन झेंडू वाहिले आणि उतरली. एवढंच. त्या दिवसापासून एकही लॉरी चुकीच्या बाजूने गेली नाही. देवाला डाव्या हाताला टाकून जायची कोणाची छाती होती? सात महिन्यांत चौकात कोणाला ओरखडाही उठला नाही.

दिनानाथला हे फार लागलं होतं. "आकृती माझी, गणित माझं, आणि श्रेय दगडाला!"

"दगड पन तुमचाच की, सायेब," गोजरबाई समजूत घालायची.

पण चिंता वेगळीच होती. खात्याचं परिपत्रकच होतं की रस्त्याच्या मध्ये देवस्थान आढळलं तर ते सगळ्या बांधकामासकट उखडून टाकावं. खाली विष्णुपंतांची सही होती, ठळक आणि वळणदार. ओटा गेला की चौक पुन्हा मोकळा, आणि वेणूची शाळा अजून पलीकडच्याच बाजूला होती.

"महिपती," दिनानाथने बजावलं, "साहेब असेपर्यंत कोणी हात जोडता कामा नये."

"कोनाकोनाचे हात धरू, साहेब? मला दोनच आहेत."

बरोबर दहाला जीप आली. विष्णुपंत उतरले. केस ओले, सदरा कडक इस्त्रीचा, काखेत कातडी बॅग.

"चहा सांगू, साहेब?"

"नको. काम होईपर्यंत मी तोंडात काही घालत नाही."

दिनानाथने ओळखलं, असल्या माणसाला भाषणाने गुंडाळता येत नाही.

तेवढ्यात एक टांगा आला. टांगेवाल्याने लगाम दातात धरला, ओट्याकडे पाहून दोन्ही हात जोडले आणि नीट डावीकडून वळून गेला.

"हे काय?" विष्णुपंतांनी विचारलं.

"इशारा, साहेब. वळतोय म्हणून दाखवतात."

"दोन्ही हातांनी?"

"दोन्हीकडे पाहिलंय, म्हणून दोन्ही."

"शिस्त आहे," विष्णुपंत गंभीरपणे म्हणाले. मग ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर टेकले आणि बूट काढू लागले.

बूट तिथेच ठेवून ते अनवाणी चौकात शिरले. "बुटात पावलाचं माप चुकतं," ते म्हणाले. महिपतीने चारी बाजू रोखून धरल्या. साहेब पावलं मोजत ओट्याभोवती निघाले. एक फेरी झाली. दुसरी झाली. ओठ सारखे हलत होते. तिसरीलाही त्यांची मान खालीच होती.

"चौथ्यांदा मोजतायत," महिपती कुजबुजला. "खड्ड्यात गेलो, साहेब. हा मानूस काही सोडत नाही."

गोजरबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं. पाचवी फेरी पुरी झाली. विष्णुपंत ओट्यासमोर थांबले, बादलीकडे पाहिलं, बारदानाकडे पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

"ओव्हरसियर, कागद द्या."

दिनानाथने फाईल पुढे केली. साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं, 'वर्तुळ समाधानकारक. कायम ठेवावे. कोणी हलवू नये.' खाली तीच ठळक, वळणदार सही.

दिनानाथने सोडलेला श्वास महिपतीच्या शिट्टीइतका मोठा वाजला. गोजरबाईने पदर डोळ्यांना लावला. आता भाषणाला हरकत नव्हती. दिनानाथने घसा साफ केला आणि हात उंचावला.

विष्णुपंत तिकडे पाहतच नव्हते. त्यांनी कातडी बॅग उघडली. आतून एक सोललेला नारळ निघाला, मग उदबत्त्यांचा पुडा.

"मुलीचं लग्न जमलं एकदाचं, इथलाच नवस होता," ते दिनानाथच्या कानाशी वाकून म्हणाले. "जरा काडेपेटी देता का?"