पेढे की बर्फी

"पाय जरा फाकवून धरा," मोठे डॉक्टर म्हणाले. मी धरले. सात दिवसांच्या माझ्या बाळाचे. मागचे आठ-दहा शिकाऊ डॉक्टर एकेक करून वाकून बघत गेले. एकाने हळूच मोबाइल काढला, तरी मी पाय सोडले नाहीत.

"मुलगा की मुलगी, धड सांगता येत नाही. पण ऑपरेशन करून मुलगी करणं सोपं पडतं," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "सही करा, गुरुवारी उरकून टाकू." गळू कापायचं असावं तसं.

मी पेन उघडलं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

वॉर्डातल्या समाजसेविका शेवंताताई स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "बाळ दूध पितं?"

"पितं."

"लघवी होते? तपासण्या?"

"सगळं चांगलं आहे."

"मग दुखतंय कुणाला? मोठं झालं की त्याचं ते सांगेल. तोवर नाव ठेवा, वाढवा."

दुखतंय कुणाला, ते मला माहीत होतं. घरून बहिणीचे सारखे फोन येत होते, मुलाचे पेढे सांगू की मुलीची बर्फी. मिठाईवाल्याला काय सांगायचं ते ठरेना, म्हणून मी बाळाला कापायला द्यायला निघालो होतो.

पेन खिशात ठेवलं. बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले. याच हातांनी त्याचे पाय सगळ्यांसमोर फाकवून धरले होते. बेसिनपाशी जाऊन ते आधी साबणाने दोनदा धुतले.