एकनळीचा गंज

वॉचमनची नोकरी सुटली आणि नवऱ्याने तोंडाला कुलूपच घातलं. रोज सकाळी तो पलंगाखालची स्वस्तातली एकनळी बंदूक काढायचा, मांडीवर आडवी घ्यायचा आणि रॉकेल लावून तारेच्या ब्रशने गंज घासत बसायचा. शेवटी तेलाचा हात फिरवायचा. "एकदा ही लख्ख झाली की सुटलो," एवढंच पुटपुटायचा, आणि बायको हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहायची.

लपवली तर घर उलथंपालथं करणार, विचारलं तर अंगावर येणार. म्हणून तो आंघोळीला गेला की ती तेल पुसून काढायची आणि घोड्यापासून नळीच्या टोकापर्यंत मिठाच्या पाण्याचं फडकं फिरवायची. दुसऱ्या दिवशी गंज हजर. तो भिंतीच्या ओलीला चार शिव्या हासडायचा आणि पुन्हा ब्रश उचलायचा.

आज मात्र बघता बघता नळी आरशासारखी चमकायला लागली. बायकोने घाईघाईने मिठाच्या पाण्यात फडकं बुडवलं. टॉवेल खांद्यावर टाकून तो न्हाणीघराच्या दाराशी थांबला. तिने फडकं पाठीमागे लपवलं.

"मीठ जरा जास्त घालत जा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आजचा गंज फार लवकर निघाला."